बॉल पायथनच्या रंगनक्षीचे भाकीत : आनुवंशिकतेचे गणित आणि त्याच्या मर्यादा

पाळीव सापांच्या पैदाशीत पिल्लांचा रंग आणि नक्षी यांचे आगाऊ भाकीत करण्याची विद्या गेल्या तीन दशकांत ज्या एका जातीभोवती विशेषत्वाने वाढली, ती जात म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान चणीचा, बिनविषारी अजगर होय. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात राहणाऱ्या या सापाचे शास्त्रीय नाव पायथन रेजिअस असून १८०२ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. धोका जाणवताच डोके मध्यभागी लपवून तो अंगाचा घट्ट चेंडू करतो आणि त्यावरूनच त्याला हे प्रचलित नाव मिळाले. निसर्गातला बॉल पायथन काळसर तपकिरी असतो आणि त्याच्या अंगावर सोनेरी झाक असलेले फिकट, अनियमित डाग असतात. मात्र घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी मोठ्या संख्येने परदेशी गेलेल्या सापांमध्ये क्वचित एखादा अगदी निराळ्या रंगाचा निघे, आणि अशा मोजक्या प्राण्यांपासूनच आजच्या बहुतेक रंगप्रकारांची सुरुवात झाली. १९९२ मध्ये अमेरिकेतील पैदासकार बॉब क्लार्क यांच्याकडे अल्बिनो पिल्ले जन्मली आणि तो गुण आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले. १९९७ मध्ये पायबाल्ड आणि पेस्टल, तर १९९९ मध्ये स्पायडर या प्रकारांची आनुवंशिकता प्रस्थापित झाली. अशा प्रत्येक आनुवंशिक रंगप्रकाराला पैदासकार मॉर्फ म्हणतात, आणि मूळ प्रकार एकमेकांत मिसळून तयार झालेल्या मॉर्फची संख्या आता हजारांत मोजली जाते.

या पैदाशीत भाकीत म्हणजे नर आणि मादी ठाऊक असताना अंड्यांतून कोणत्या रंगाची पिल्ले किती प्रमाणात निघतील, हे आधी सांगणे. त्यामागचे गणित शालेय पुस्तकातले आहे आणि आता संगणकीय गणकयंत्रे ते क्षणात करून देतात. अवघड असते ते पालकांच्या अंगी खरोखर कोणती जनुके आहेत हे जाणणे, आणि तेवढेच अवघड असते त्या जनुकांचा परिणाम केवळ कातडीपुरता आहे की नाही हे ओळखणे. या विषयाच्या आढाव्यातून पुन्हा पुन्हा पुढे येणारी गोष्ट हीच आहे की, भाकिताचे मोल त्याच्या आकडेमोडीवर अवलंबून नसते, तर त्या आकडेमोडीत घातलेल्या माहितीच्या खरेपणावर अवलंबून असते, आणि प्राण्याचे आरोग्य वगळून केलेले रंगाचे भाकीत अपुरे असते.

रंग कशाने बनतो

सापाच्या त्वचेतील रंग निरनिराळ्या रंगपेशींच्या एकत्रित कामातून उमटतो. काळे आणि तपकिरी रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या पेशी, पिवळी-तांबूस रंगद्रव्ये साठवणाऱ्या पेशी, आणि स्वतः रंगीत नसूनही सूक्ष्म स्फटिकांच्या साहाय्याने प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशी असे त्यांचे तीन मुख्य गट आहेत. यांपैकी मेलॅनिन बनवण्याची क्रिया थांबली, तर काळा भाग पांढरा दिसतो आणि फिकट डाग पिवळेधमक होतात. हा अल्बिनो होय. पिवळे रंगद्रव्य उणे झाले, तर साप राखाडी, काळा-पांढरा दिसतो आणि त्याला अॅक्झँथिक म्हणतात. रंगद्रव्य बनवण्याची यंत्रणा शाबूत असूनही रंगपेशीच त्वचेच्या काही भागांत पोचल्या नाहीत किंवा तिथे टिकल्या नाहीत, तर ते भाग कोरे पांढरे राहतात. पायबाल्डमध्ये हे अंगाच्या काही भागांपुरते घडते, तर निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सापांत जवळजवळ सर्वांगावर घडते. त्यामुळे सारखाच दिसणारा पांढरेपणा किंवा फिकटपणा अगदी वेगवेगळ्या कारणांनी आलेला असू शकतो, आणि भाकिताच्या बाबतीत होणाऱ्या पुष्कळ चुकांचे मूळ येथे आहे.

वारशाच्या तीन रीती

प्रत्येक पिल्लाला बहुतेक जनुकांच्या दोन प्रती मिळतात, एक मातेकडून आणि एक पित्याकडून. एकाच जनुकाची जी वेगवेगळी रूपे असतात, त्यांना युग्मविकल्पी म्हणतात. दोन्ही प्रती सारख्या असतील तर प्राणी समयुग्मजी आणि भिन्न असतील तर विषमयुग्मजी ठरतो. प्राण्याच्या अंगी असलेल्या प्रतींचा संच म्हणजे त्याचे जनुकरूप आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम म्हणजे त्याचे दृश्यरूप. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्याच्या प्रयोगांतून मांडलेले नियम आणि त्यांवरून पुढे रेजिनाल्ड पनेट यांनी रूढ केलेली चौकट, ज्यात एका कडेला पित्याची आणि दुसऱ्या कडेला मातेची संभाव्य जनुके लिहून आतल्या घरांत पिल्लांची जनुकरूपे मांडतात, एवढे साहित्य बॉल पायथनच्या बऱ्याच प्रश्नांना पुरते.

पहिली रीत अप्रभावी वारशाची आहे. अल्बिनो, पायबाल्ड, क्लाउन, अॅक्झँथिक हे गुण दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच दिसतात. एकच प्रत असलेला साप साधाच दिसतो, पण तो गुण पुढच्या पिढीला देऊ शकतो, आणि अशा वाहक सापाला पैदासकार हेट म्हणतात. दोन हेटांच्या मीलनातून सरासरी चौथा हिस्सा पिल्ले अल्बिनो, अर्धी पिल्ले हेट आणि चौथा हिस्सा पूर्णपणे साधी होतात; अल्बिनो आणि हेट यांच्या जोडीतून निम्मी अल्बिनो आणि निम्मी हेट, तर अल्बिनो आणि साध्या सापाच्या जोडीतून सगळीच हेट निपजतात.

दुसरी रीत अपूर्ण प्रभावितेची आहे, आणि बॉल पायथनमध्ये तिचे महत्त्व फार मोठे आहे. व्यापारात तिला सहप्रभावी म्हणण्याची प्रथा असली, तरी एका प्रतीने होणारा बदल आणि दोन प्रतींनी होणारा त्याहून तीव्र बदल असे वेगवेगळे दृश्यरूप दिसणे, हे अपूर्ण प्रभावितेचेच लक्षण आहे. पेस्टलची एक प्रत पिवळा रंग खुलवते आणि दोन प्रतींनी सुपर पेस्टल हा अधिक फिकट, उजळ साप तयार होतो. मोहावीची एक प्रत नक्षी बदलते, तर दोन प्रतींनी राखाडी छटेच्या डोक्याचा जवळजवळ पांढरा साप जन्मतो. येथे वाहक लपून राहत नाही, तो पाहताच ओळखता येतो, आणि म्हणून या मॉर्फची पैदास झपाट्याने पसरली. तिसरी रीत पूर्ण प्रभावी वारशाची असून तीत एका प्रतीचा आणि दोन प्रतींचा परिणाम सारखाच दिसतो. मात्र व्यवहारात एखाद्या मॉर्फला या वर्गात टाकण्यापूर्वी दोन प्रतींचे प्राणी खरोखर जन्मले आणि जगले आहेत का, हे तपासावे लागते, कारण ते मुळात जन्मतच नसतील तर निष्कर्ष फसवा ठरतो.

एकाहून अधिक जनुकांचा विचार करताना मोठी चौकट मांडण्यापेक्षा प्रत्येक जनुकाचे गणित वेगळे करून येणाऱ्या संभाव्यतांचा गुणाकार करणे सोयीचे असते. पेस्टल-मोहावी नर आणि पेस्टल मादी यांच्या जोडीत पेस्टल जनुकापुरते पाहिले तर चौथा हिस्सा सुपर पेस्टल, निम्मी पेस्टल आणि चौथा हिस्सा पेस्टल नसलेली पिल्ले अपेक्षित असतात, तर मोहावी जनुक निम्म्या पिल्लांत जाते. म्हणून सुपर पेस्टल-मोहावी मिळण्याची शक्यता १/४ गुणिले १/२, म्हणजे १/८ येते आणि एकूण सहा दृश्यरूपे संभवतात. हा गुणाकार दोन्ही जनुके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जातात या गृहीतावर उभा असतो. ती एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर एकत्रच पुढे जाण्याकडे त्यांचा कल राहतो आणि प्रमाण बदलते.

एकच जागा की वेगळ्या जागा

गुणसूत्रावरील जनुकाच्या ठरलेल्या जागेला जनुकस्थान म्हणतात, आणि दोन मॉर्फ एकाच जनुकस्थानाचे आहेत की वेगळ्या, या प्रश्नाच्या उत्तरावर भाकिताचे सगळे स्वरूप अवलंबून असते. मोहावी, लेसर, बटर, फँटम, मिस्टिक आदी मॉर्फ एकाच जनुकस्थानाचे युग्मविकल्पी आहेत. त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या संगमातून एकाच मॉर्फच्या दोन प्रतींसारखाच तीव्र परिणाम होतो, आणि मोहावी व लेसर यांच्या जोडीतून चौथा हिस्सा निळ्या डोळ्यांची पांढरी पिल्ले, चौथा हिस्सा मोहावी, चौथा हिस्सा लेसर आणि चौथा हिस्सा साधी पिल्ले अपेक्षित असतात. असा पांढरा साप साध्या सापाशी जोडला तर एकही पिल्लू साधे होत नाही, प्रत्येक पिल्लू मोहावी किंवा लेसर असते. आणि कोणत्याही एका सापाच्या अंगी या मालिकेतील दोनपेक्षा अधिक नावे असू शकत नाहीत, कारण त्या जागेवर दोनच प्रती मावतात. यलो बेली, ग्रॅव्हल, अॅस्फाल्ट आणि स्पेक्टर यांची अशीच दुसरी मालिका आहे, तर सिनॅमन आणि ब्लॅक पेस्टल हीही परस्परांची युग्मविकल्पी रूपे मानली जातात.

याच्या उलट उदाहरण अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो यांचे आहे. दोन्ही प्रकारांत काळा रंग उणा असतो, दोन्ही अप्रभावी आहेत, आणि तरीही त्यांच्या संकरातून जन्मलेली सगळी पिल्ले साधी दिसतात, कारण एका पालकात जे जनुक निकामी आहे ते दुसऱ्या पालकात शाबूत असते आणि पिल्लांना दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते. अॅक्झँथिकच्या बाबतीतही वेगवेगळ्या पैदासकारांकडे निपजलेले काही वंश दिसायला सारखे असूनही परस्परांत जुळत नाहीत, हे संकरांतून उघड झाले. केवळ अॅक्झँथिक हे नाव वाचून दोन वंशांचे साप जोडणाऱ्याच्या हाती म्हणूनच साधी पिल्ले येतात. उलटपक्षी, टॉफी आणि कँडी या नावांनी विकले जाणारे साप अल्बिनोच्याच जागेवरील युग्मविकल्पी ठरले आणि त्यांच्या संकरातून मधल्या छटेची पिल्ले जन्मली. संकरातून मिळणाऱ्या पिल्लांच्या दृश्यरूपावरून दोन उत्परिवर्तने एकाच जनुकात आहेत की नाहीत हे ठरवण्याची ही पूरकता-चाचणी आनुवंशिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत फार पूर्वीपासून वापरात आहे, आणि बॉल पायथनच्या पैदासकारांनी ती आपल्या अनुभवातून पुन्हा घडवली.

लहान खेप आणि मोठी अपेक्षा

बॉल पायथनची मादी एका खेपेस साधारण ३ ते ११, सरासरी ६ अंडी घालते, ती ३१ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ५५ ते ६० दिवसांत उबतात, आणि मादी प्रजननक्षम होण्यास साधारणतः २ ते ३ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. वाटाण्याच्या शेकडो दाण्यांत स्पष्ट दिसणारे प्रमाण सहा अंड्यांत दिसेलच असे नाही. दोन हेटांच्या जोडीत प्रत्येक अंड्याला अल्बिनो होण्याची शक्यता १/४ असली, तरी सहापैकी एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा सहावा घात, म्हणजे सुमारे १८ टक्के असते. निदान एक अल्बिनो मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ अंडी लागतात. दोन अप्रभावी गुण एकाच सापात हवे असतील आणि दोन्ही पालक दोन्ही गुणांचे केवळ हेट असतील, तर शक्यता १/१६ वर येते आणि तेवढ्याच खात्रीसाठी ४७ अंडी लागतात. तीन गुणांसाठी शक्यता १/६४ होते आणि आकडा १९१ अंड्यांवर जातो. एका मादीच्या आयुष्यात एवढी अंडी मिळणे दुरापास्त आहे.

या अडचणीवर पैदासकार पिढ्यांच्या नियोजनाने मात करतात. अल्बिनो आणि पायबाल्ड एकत्र आणायचे असतील, तर पहिल्या पिढीतील दुहेरी हेट परस्परांशी जोडण्याऐवजी एका बाजूला पायबाल्डचा हेट असलेला अल्बिनो आणि दुसऱ्या बाजूला अल्बिनोचा हेट असलेला पायबाल्ड घेतला, तर प्रत्येक गुणाची शक्यता १/४ ऐवजी १/२ होऊन दोन्ही एकत्र मिळण्याची शक्यता १/१६ ऐवजी १/४ होते. मधल्या पायरीला एक पिढी अधिक खर्ची पडते, पण शेवटची पायरी आवाक्यात येते.

संभाव्य हेट ही कल्पना याच गणितातून आली आहे. दोन हेटांच्या जोडीतून निघालेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांश हेट असतात, म्हणून त्यांना ६६ टक्के हेट म्हणून विकतात. हेट आणि साध्या सापाच्या जोडीतील पिल्ले ५० टक्के हेट ठरतात. हा आकडा त्या प्राण्याच्या अंगातील जनुकाचे प्रमाण सांगत नाही, तर त्याच्याविषयीच्या आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगतो; प्राणी एकतर हेट असतो किंवा नसतो. म्हणूनच नवी माहिती मिळाली की आकडाही बदलला पाहिजे. ६६ टक्के हेट मादी अल्बिनो नराशी जोडली आणि एक जरी अल्बिनो पिल्लू निघाले, तर ती निश्चितपणे हेट ठरते. पण सहाही पिल्ले साधी निघाली, तर ती हेट असण्याची शक्यता दोन-तृतीयांशावरून घसरून ३३ मध्ये १, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांवर येते. दोनच पिल्ले झाली आणि दोन्ही साधी निघाली, तर मात्र ती शक्यता १/३ इतकी उरते, आणि एवढ्यावरून त्या मादीला साधी ठरवणे घाईचे होईल.

बनाना आणि लिंगगुणसूत्रे

बनाना किंवा कोरल ग्लो या पिवळ्या-जांभळ्या मॉर्फने साध्या चौकटीला मोठा धक्का दिला. बनाना नर साध्या मादीशी जोडला असता निम्मी पिल्ले बनाना होत, पण काही नरांची बनाना पिल्ले बहुतांश नरच, तर काहींची बहुतांश माद्याच निघत. पैदासकारांनी अशा नरांना अनुक्रमे मेल मेकर आणि फीमेल मेकर अशी नावे दिली आणि हेही नोंदवले की, पित्याकडून बनाना मिळालेला नर पहिल्या, तर मातेकडून बनाना मिळालेला नर दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्या काळी सर्व सापांत मादीची लिंगगुणसूत्रे भिन्न, म्हणजे झेड आणि डब्ल्यू, असतात असे सर्वसाधारणपणे मानले जाई. त्या समजुतीशी ही निरीक्षणे जुळत नव्हती. २०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआ आणि ब्रह्मी अजगर यांच्यात नराची लिंगगुणसूत्रे भिन्न, म्हणजे एक्स आणि वाय, असल्याचे दाखवले आणि कोड्याचा उलगडा झाला. बनाना जनुक लिंगगुणसूत्रावर असून पित्याकडून आले तर ते नराच्या वाय गुणसूत्रावर बसते आणि त्याच्या पुत्रांना मिळते, मातेकडून आले तर एक्स गुणसूत्रावर बसते आणि त्याच्या कन्यांना मिळते. हे जनुक असलेल्या भागात एक्स आणि वाय यांच्यात अधूनमधून देवाणघेवाण होत असल्याने थोडी पिल्ले नियमाला अपवाद निघतात; मेल मेकर नराला एखादी बनाना कन्या झाली, तर ते जनुक आता एक्सवर गेलेले असते आणि तिचे बनाना पुत्र पुढे फीमेल मेकर होतात. पैदाशीच्या वह्यांतील काटेकोर नोंदींनी ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवले होते, तिकडेच प्रयोगशाळेचे संशोधन पोचले, ही घटना दोन्ही क्षेत्रांच्या दृष्टीने मोलाची आहे.

जेथे चौकट अपुरी पडते

गणित जनुकरूपाचे होते आणि ओळख दृश्यरूपावरून करावी लागते, या दरीमुळे अनेक भाकिते फसतात. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सापाच्या अंगी पेस्टल असले तरी ते दिसत नाही. तो साप काय काय वाहतो, हे त्याच्या पिल्लांवरून किंवा पालकांच्या नोंदींवरूनच कळते. तीन-चार जनुके एकत्र आलेल्या सापात एखाद्या सौम्य परिणामाच्या जनुकाची भर पडली आहे की नाही, याविषयी अनुभवी पैदासकारांतही मतभेद होतात. शिवाय काही गुणांची तीव्रता प्राण्यागणिक फार बदलते: पायबाल्डच्या अंगावरील पांढऱ्या भागाचे प्रमाण एखाद्या पट्ट्यापासून जवळजवळ सर्वांगापर्यंत काहीही असू शकते, आणि चौकट केवळ पायबाल्ड होणार एवढेच सांगते, किती पांढरा होणार हे सांगत नाही. पेस्टलसारख्या प्रकारांत वयाबरोबर रंग मंदावतो, त्यामुळे पिल्लावरून प्रौढाचे रूप सांगणेही अनिश्चित राहते. अशा तरतमभावामागे लहान परिणामांची अनेक जनुके असण्याची शक्यता असून त्यांचा वारसा निवड-पैदाशीने वळवता येतो, पण साध्या प्रमाणांत मांडता येत नाही.

पितृत्वाची खात्री हाही एक प्रश्न असतो. अजगरांच्या माद्या शुक्राणू दीर्घकाळ साठवू शकतात आणि क्वचित नराच्या संयोगाशिवाय, म्हणजे अनिषेकजननानेही, पिल्ले देऊ शकतात. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये साठ वर्षांहून अधिक वयाच्या बॉल पायथन मादीने अनेक वर्षे नराचा सहवास नसताना ७ अंडी घातली, तेव्हा हे दोन्ही पर्याय विचारात घेतले गेले. एका हंगामात दोन नर वापरणाऱ्या पैदासकाराने अनपेक्षित रंगाचे पिल्लू पाहून नव्या जनुकाचा दावा करण्यापूर्वी या शक्यता तपासणे आवश्यक असते.

नावांकडून जनुकांकडे

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात घडलेला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे मॉर्फच्या नावांमागील प्रत्यक्ष जनुके सापडू लागली आहेत. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात हॅना सायडेल यांच्या प्रयोगशाळेने सापपालकांकडून कात मागवली, तिच्यातून डीएनए मिळवला आणि २०२२ मध्ये तीन मॉर्फविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: अल्बिनोचा संबंध मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या टीवायआर जनुकाशी, लॅव्हेंडर अल्बिनोचा ओसीए२ जनुकाशी आणि अल्ट्रामेलचा टीवायआरपी१ जनुकाशी आहे. अल्बिनो आणि लॅव्हेंडर यांच्या संकरातून साधी पिल्ले का होतात, याचे रेणूंच्या पातळीवरील उत्तर यातून मिळाले. शिवाय टीवायआर जनुकात एकाहून अधिक वेगवेगळे बदल आढळल्याने, एका मॉर्फच्या आड अनेक उत्परिवर्तने असू शकतात हेही स्पष्ट झाले. याच प्रयोगशाळेने २०२३ मध्ये एंडोथेलिन या संकेत-रेणूच्या ग्राहकाचे ईडीएनआरबी१ हे जनुक अभ्यासले आणि त्यातील बदल जितका घातक तितकी रंगपेशींची हानी अधिक, असा क्रम मांडला. सौम्य बदलाने नक्षी किंचित पालटते, मध्यम बदलाने पाठीवर उभा पट्टा येतो आणि तीव्र बदलाने जवळजवळ पांढरा साप होतो. पायबाल्डचा संबंध टीएफईसी या जनुकाशी असल्याचे संशोधनही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या संशोधनाचा व्यावहारिक परिणाम असा की, काही मॉर्फच्या बाबतीत ६६ टक्के हेट हा शब्दप्रयोगच अनावश्यक होऊ लागला आहे. कातेच्या तुकड्यावरून जनुकचाचणी करून प्राणी हेट आहे किंवा नाही हे थेट ठरवता येते आणि तीन-चार वर्षांची परीक्षा-पैदास टळते. तथापि चाचणी ज्ञात उत्परिवर्तनच शोधते. त्याच जनुकात एखादा अज्ञात बदल असेल तर नकारार्थी निकालाचा अर्थ प्राणी वाहक नाही असा निश्चितपणे घेता येत नाही, आणि म्हणून वंशावळीच्या नोंदींची गरज संपत नाही.

रंगाबरोबर येणारी दुखणी

रंगपेशी भ्रूणावस्थेत ज्या पेशीसमूहातून निघतात, त्या चेताशिखेतून मज्जासंस्थेचे काही भाग आणि चेहऱ्याच्या सांगाड्याचे भागही घडतात. माणसात आणि उंदरांत एंडोथेलिन-ग्राहकाच्या ईडीएनआरबी या संबंधित जनुकातील दोष रंगहीनतेबरोबरच बहिरेपणा आणि आतड्यातील चेतापेशींचा अभाव यांच्याशी जोडलेले आहेत. त्यामुळे रंग बदलणारे उत्परिवर्तन कातडीपुरतेच मर्यादित राहील, असे गृहीत धरता येत नाही.

स्पायडर मॉर्फ हे याचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी देणाऱ्या या जनुकाची एक प्रत असलेल्या सापांत डोके डुलणे, ते उलटे वळणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे अशी लक्षणे कमीअधिक तीव्रतेने दिसतात. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी सीटी प्रतिमांच्या आधारे स्पायडर सापांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि लघुकोश यांच्या रचनेत विकृती असल्याचे दाखवले. हे डुलणे आणि नक्षी यांची पैदाशीने फारकत करण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत, कारण एकच जनुक दोन्हींना कारणीभूत आहे असे सर्व पुरावे सांगतात. स्पायडरच्या दोन प्रती असलेली पिल्ले जगत नाहीत, असाही पैदासकारांचा अनुभव आहे. तसे असेल तर स्पायडर आणि स्पायडर यांच्या जोडीतून जगलेल्या पिल्लांत दोन स्पायडर आणि एक साधे असे प्रमाण येते, जे ल्युसियाँ क्वेनो यांना विसाव्या शतकाच्या आरंभी पिवळ्या उंदरांत आढळले होते. शँपेन आणि हिडन जीन वोमा या मॉर्फमध्येही तोल जाण्याची लक्षणे दिसतात. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये मुस्कटाची व मणक्याची विकृती, कॅरॅमल अल्बिनोमध्ये मणक्याची वक्रता आणि डेझर्ट माद्यांत प्रजननातील गंभीर अडथळे नोंदवले गेले आहेत.

या ज्ञात गोष्टी चौकटीत मांडल्या तर निर्णय अवघड राहत नाही. स्पायडर आणि साधा साप यांच्या जोडीतून निम्मी पिल्ले स्पायडर होणार, याचाच अर्थ निम्म्या पिल्लांना तोलाचा दोष मिळण्याची शक्यता पत्करून ती जोडी लावली जाते. भाकीत करता येते म्हणूनच त्या परिणामाची जबाबदारी टाळता येत नाही. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांतून स्पायडर सापांची विक्री बंद केली, ती याच विचाराने. बाजारातील गणकयंत्रे मॉर्फच्या टक्केवारीशेजारी ज्ञात दोषांची सूचनाही देऊ लागली आहेत आणि ती प्रथा सार्वत्रिक होणे इष्ट आहे.

मूळ अधिवास आणि भारतातील स्थिती

रंगीत सापांच्या या उद्योगाचे मूळ अद्याप आफ्रिकेच्या भूमीत आहे. बेनिनमधील उइदा येथे अजगरांचे मंदिर असून तेथील परंपरेत हा साप पूज्य मानला जातो. त्याच देशातून आणि शेजारच्या टोगो व घाना येथून तो व्यापारासाठीही गोळा केला जातो. जंगलातील गाभण माद्या किंवा अंडी आणून पिल्ले उबवण्याची पद्धत तेथे रूढ आहे. ही जात साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने तिला संकटसमीप या वर्गात टाकले आहे. बंदिवासात प्रचंड संख्येने पैदास होत असताना नव्या रंगाच्या शोधात जंगलातून प्राणी उचलत राहण्याचे समर्थन करणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

भारतात देशी अजगर पाळण्यास कायद्याने मज्जाव आहे, तर बॉल पायथनसारख्या परदेशी जाती वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार चौथ्या अनुसूचीत येतात आणि त्यांचा ताबा, हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांची नोंद करणे बंधनकारक आहे. मुंबई विमानतळावर सामानात दडवून आणलेले बॉल पायथन वारंवार जप्त झाले आहेत. अशा सापांचे मूळ, पालक आणि आरोग्य यांपैकी काहीच ठाऊक नसते, आणि प्राण्यावरील क्रौर्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ज्याची वंशावळ अज्ञात आहे त्याच्या पिल्लांविषयीचे कोणतेही भाकीत पोकळ ठरते.

एकंदरीत पाहता, बॉल पायथनच्या रंगाचे भाकीत हा मेंडेलच्या नियमांचा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरोघरी चाललेला एक विस्तृत प्रयोग आहे, आणि त्यातून अजगरांच्या लिंगगुणसूत्रांपासून रंगपेशींच्या जनुकांपर्यंत खरी ज्ञानप्राप्ती झाली आहे. हे ज्ञान पुढे वाढण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत: प्रत्येक जोडीची आणि प्रत्येक अंड्याची, न उबलेल्या अंड्यांसह, प्रामाणिक नोंद, व्यापारी नावांऐवजी जनुकस्थानांवर आधारलेले वर्गीकरण, आणि रंगाइतक्याच काळजीने तोल, मणका व प्रजननक्षमता यांचे निरीक्षण. पिल्लाचा रंग अंडे घालण्यापूर्वी सांगता येतो, त्याच रीतीने त्याच्या वाट्याला येणारे ज्ञात दुखणेही सांगता येते, आणि ज्या जोडीच्या हिशेबात ते दुखणे स्पष्ट दिसते, ती जोडी न लावणे हा या शास्त्राचा सर्वांत उपयुक्त वापर आहे.